आधी गाण्याची तारीख, मग भरताची

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही भुसावळचे. मिस्टर रेल्वेतून रिटायर झालेत, मी घर सांभाळते. चंपाषष्ठी झाली की आमच्याकडे जी वर्दळ सुरू होते ती संक्रांतीपर्यंत थांबत नाही. यंदा मुलगा-सून पुण्याहून महिनाभर यायचेत, दोघांचं ऑफिसचं काम घरूनच चालतं. नाताळच्या सुट्टीत सुरतेहून मुलगी, जावई आणि दोन नातू येतील. सासूबाई ८२ वर्षांच्या. दात नाहीत, पण खाण्याची हौस शाबूत आहे. दीर बामणोदकडे शेती करतात, त्यांचंही सहकुटुंब येणं-जाणं असतं.

प्रत्येकाची फर्माईश वेगळी. भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी, फुणके, सगळं याच महिन्यात हवं. गेल्या वर्षी सकाळी सहाला ओट्याशी उभी राहिले की रात्री अकराला पाठ टेकायची. शेवटी कंबर धरली आणि संक्रांतीला तिळाचे लाडू विकत आणले, तर दीर चारचौघांत म्हणाले, "वहिनी आता शहरातल्या झाल्या." मुलगा म्हणतो, आई, रोज कशाला रांधतेस, बाहेर जाऊ. मिस्टर म्हणतात, घरात भरीत-भाकरी असताना ढाब्यावर पैसे कशाला घालायचे? सून "मी काय करू" म्हणत येते, पण ती सांगलीकडची, तिला आपल्या मसाल्याचा अंदाज नाही, म्हणून मीच "राहू दे" म्हणते.

आणखी एक. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव असतो. लग्नाआधी मी गाणं शिकत होते. भुसावळहून जळगाव ते किती लांब, पण आजवर एकदाही जाणं झालं नाही. महिनाभराच्या जेवणाचा, बाहेर खाण्याचा आणि वेळ उरलाच तर करमणुकीचा बेत कसा आखू? आणि मुलीला परत जाताना बरोबर काय देऊ?

– एक गृहिणी, भुसावळ

उत्तर

ताई, वेळ उरल्यावर गाणं असा बेत असेल तर गाणं यंदाही व्हायचं नाही. पाहुण्यांच्या घरात वेळ उरत नसतो, तो आधी काढून ठेवावा लागतो. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि पेनाने पहिली खूण जळगावची करा. महोत्सव साधारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तीन संध्याकाळी, छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात असतो. नक्की तारखा वर्तमानपत्रात येतात, त्या कळल्या की लगेच घरात जाहीर करा. विचारू नका, सांगा. "या तीन संध्याकाळी मी घरी नाही, रात्रीचं तुमचं तुम्ही बघा." तोवर सुरतेची मंडळी परत गेलेली असतील. घरात उरतील मिस्टर, मुलगा, सून आणि सासूबाई. त्यातले तिघं धडधाकट आहेत आणि खिचडीचा कुकर लावायला कुणाला अडचण यावी असं काही नाही.

तिन्ही दिवस जा. पहिल्या दिवशी मिस्टरांना घेऊन जा, दुसऱ्या दिवशी सुनेला. तिसऱ्या दिवशी एकटीने जायला हरकत काय? जळगाव रेल्वेने अर्ध्या तासावर आहे आणि मिस्टरांना गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ असतील. परतीचं मात्र आधी ठरवा. मैफल रंगली की उशीर होतो, आणि परतीच्या गाडीसाठी शेवटची भैरवी सोडून उठायचं असेल तर इतक्या वर्षांनी जाऊन काय मिळवलं? मुलाला गाडी घेऊन न्यायला यायला सांगा, नाही तर जळगावात कुणा नातेवाइकाकडे रात्र काढा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात जानेवारीच्या रात्री पारा कधीकधी दहाच्या खाली जातो, शाल-कानटोपी विसरू नका.

आता स्वयंपाकाकडे वळू. तुमची कंबर भरताने धरलेली नाही, भरीत ज्या पद्धतीने तुमच्या घरात होतं त्या पद्धतीने धरली आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की चातुर्मासात बंद असलेलं वांगं मोकळं होतं आणि आपल्याकडे भरताच्या पार्ट्या सुरू होतात. आठवून बघा, शेतातल्या पार्टीत भरीत कोण करतं? काड्या गोळा करण्यापासून बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, कुटण्यापर्यंत सगळं पुरुषमाणसं करतात आणि वर मिशीला पीळ देऊन सांगतात की भरीत करावं तर आम्हीच. तेच भरीत घरात आलं की एका बाईच्या गॅसवर, एकेक वांगं करत, दोन तास उभ्याने. तीच वांगी, तीच मिरची, माणसं मात्र गायब.

म्हणून घरात भरीत करायचं बंद करा. महिन्यातून दोनदा, दिरांच्या शेतात. दिरांना फोन मिस्टरांनी करायचा: "यंदा भरीत तुमच्याकडे, पोरं येताहेत." ज्यांना वहिनी शहरातल्या झाल्याचं वाईट वाटतं त्यांनी वहिनीला शेतात बोलवावं, हे रीतीला धरून आहे. एकदा मुलगा-सून आल्यावर आणि एकदा सुरतेची मंडळी असताना. दिवस रविवारचा धरा. गुरुवार टाळा, मार्गशीर्षातले गुरुवार घरात धरत असाल तर त्या दिवशी कांदा-लसूण चालायचं नाही, आणि लसणाशिवाय भरीत हा विषयच नको.

बामणोदची वांगी म्हणजे तुम्ही खाणीच्या तोंडाशी बसला आहात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. पण मानांकनाने वांगं निवडता येत नाही, ते हातातच कळतं. हिरवं, पांढरट रेषांचं, हाताला चकचकीत लागणारं घ्या. आकाराच्या मानाने हलकं असेल ते चांगलं, जड वांगं बियांनी भरलेलं निघतं. वीस माणसांना आठ किलो घ्या. खाणारे सगळे आपल्याकडचे असतील तर दहा. देठ कापू नका. सोलताना धरायला तेवढीच जागा असते.

वाळलेल्या कपाशीच्या काड्या किंवा तुरकाठ्या पेटवून त्यावर वांगी टाकली की दहा-पंधरा मिनिटांत एक घाणा उतरतो. टाकण्याआधी दोन-तीन टोचे मारून घ्या, नाही तर फुटतं आणि नातू जवळ उभे असतील तर भाजतं. वरची साल कोळशासारखी काळी होऊन आतून वांगं बसलं पाहिजे, देठापाशी बोट दाबलं की सहज आत गेलं पाहिजे. भाजलेली वांगी थोडा वेळ परातीखाली झाकून ठेवली तर साल अलगद सुटते. इथे जावयांकडे लक्ष ठेवा. शहरातली माणसं सोललेलं वांगं पटकन पाण्याच्या नळाखाली धरतात. धुराचा सगळा वास धुऊन जातो आणि मग भरीत खाल्ल्यावर "गॅसवरचंच बरं होतं" म्हणतात. शेजारी वाटीत पाणी ठेवून बोटं तेवढी भिजवायची.

बडगीत आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ. ते एकजीव झालं की वांगी. कुटायचं, पण लगदा करायचा नाही, देठाकडचे लांब धागे दिसले पाहिजेत. नातवांसाठी मिरची घालण्याआधी दोन वांगी बाजूला कुटून ठेवायला विसरू नका, नाही तर पोरं दिवसभर बिस्किटांवर राहतात. फोडणी मोठ्या कढईत, शेंगदाण्याच्या तेलात. आधी शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळायचे, मग जिरं, मग भरपूर कांदापात, ती जरा मऊ पडली की भरीत. वरून कोथिंबीर. हळद नाही.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळणं हे एकच काम बायकांकडे येतं, तेही चौघी बसून. जावेला तुमच्या आधी तिथे पोचायचं नसतं, कारण तिचंच घर आहे. तिला म्हणावं, पीठ तू मळून ठेव. बरोबर मुळा, कांदा, ठेचा. बास झालं. वर गोड, वर कढी, वर भात असं वाढवत नेऊ नका. भरताच्या पंगतीत बाकीचं उरतं आणि भरीत कमी पडतं.

आणि जाळ विझवायची घाई करू नका. वांगी उतरली की त्या निखाऱ्यात दोन-अडीच किलो कांदे सालीसकट पुरा आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या वरून धरून भाजून घ्या. घरी गॅसवर हे करायला अर्धा दिवस आणि घरभर धूर. इथे गप्पा मारता मारता होतं. घरी आणून कांदे सोला, खोबरं, लसूण, आलं आणि कोथिंबिरीच्या कोवळ्या देठांबरोबर थोड्या तेलावर परता, वाटा आणि लिंबाएवढे गोळे करून डब्यात भरा. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, बर्फाच्या कप्प्यात महिनाभर. शेवभाजी, पातोडीची भाजी, डुबुक वडे, सगळ्यांचा रस्सा याच वाटणावर. तुमच्या महिन्यातला निम्मा त्रास हा रोज कांदा-खोबरं भाजण्याचा आहे. तो शेतात संपतो.

आता सुनेचा विषय. ताई, सांगलीकडची मुलगी आपल्या तिखटाला बिचकेल असं वाटत असेल तर तुम्ही सांगलीत जेवलेल्या नाहीत. तिला अंदाज नाही म्हणता, तर अंदाज यायचा कसा? वाटणाचे गोळे केलेत ना, आता तिला मापच मिळालं. चार माणसांना दोन गोळे, दोन चमचे आपला काळा मसाला, एक चमचा लाल तिखट. तेलात वाटण बाजूने तेल सुटेपर्यंत परतायचं, मग मसाले, मग गरम पाणी. गार पाणी ओतलं तर तर्री बसते. चांगली उकळी आली की झाकून ठेवायचं आणि जाड शेव ताटात वाढताना घालायची. हे तिला एकदा दाखवा आणि त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊ नका. हे दुसरं अवघड आहे, मला कल्पना आहे. शेवभाजी पहिल्यांदा पातळ होईल. होऊ द्या, भाकरी कुस्करून खातील.

शिवाय आठवड्यातली एक रात्र तिची. इस्लामपूरकडचा अख्खा मसूर तिला येत असणारच, तो करू द्या. सासूबाई आधी नाक मुरडतील, मग दुसऱ्यांदा मागून घेतील.

रोजच्या जेवणात तुम्ही पाहुण्यांसाठी काय काय वाढवलंत याचा एकदा हिशेब करा. माझा अंदाज, रात्रीची खिचडी बंद केलीत. खानदेशात रात्री खिचडी ही काही पाहुण्यांची हेळसांड नाही. तुरीच्या डाळीची खिचडी, वर कच्चं तेल किंवा लसणाची फोडणी, भाजलेला पापड, कांदा, लोणचं. पुण्यात बसून तुमच्या मुलाला आठवण येते ती याचीच, भाज्यांच्या चार वाट्यांची नाही. आठवड्यातल्या चार रात्री खिचडी ठेवा. पाचव्या रात्री थंडी कडक असेल तर शेंगोळे, लसणाचा झणझणीत रस्सा आणि त्यात शिजलेली पिठाची वेटोळी, बरोबर काहीही नको. वेटोळी वळायला मात्र चार हात लागतात, टीव्हीसमोर परात ठेवून सगळ्यांना बसवा. उरलेल्या दोन रात्री एक सुनेची आणि एक बाहेर जेवायच्या दिवसाची.

दुपारचं दुखणं वेगळं आहे. मुलगा-सून कामात, एकाची मीटिंग एकला संपते, दुसऱ्याची अडीचला, मिस्टरांना साडेबारालाच भूक लागते, आणि प्रत्येकाला तव्यावरची भाकरी. म्हणजे तुम्ही बारा ते तीन तव्याशी. गरम भाकरीचा हा लाड एका वेळेपुरता ठेवा. एक वाजता पंगत, जो बसेल त्याला गरम. नंतर येणाऱ्याला डब्यातली, कापडात गुंडाळलेली. दादर ज्वारीची भाकरी कापडात दोन तास चांगली मऊ राहते, फक्त पीठ ताजं हवं. कळण्याचंही तसंच. चार भाग ज्वारी, एक भाग सालीचे उडीद, मीठ घालून दळलेलं पीठ आठ दिवसांपुरतंच आणा. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते आणि दोष हाताला लागतो. गिरणीत जायचं काम मिस्टरांचं.

वरण-बट्टीला घाबरू नका, ती मोठ्या घरासाठीच जन्मली आहे. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. गोळे आदल्या दिवशी उकडून ठेवा. दुसऱ्या दिवशी फोडी करून तळल्या की झालं, बरोबर घोटलेल्या वांग्याची भाजी. नाताळच्या सुट्टीत माणसं सर्वात जास्त असतील तेव्हा हाच बेत ठेवा. उरलेली बट्टी कुस्करून तूप-गुळाबरोबर नातवांना द्या.

सासूबाईंसाठी वेगळं काही रांधायची गरज नाही, आपलं निम्मं जेवण बिनदातांचंच आहे. भरीत आहे, उडदाचं घुटं आहे, खिचडी आहे. फुणके-कढी तर त्यांच्यासाठीच. डाळ भिजवून जाडसर वाटायची, कांदापात, लसूण, मिरची घालून मुटके वाफवायचे आणि कढीत बुडवून ठेवायचे, मऊ होतात. उलट त्यांना काम द्या. दुपारी उन्हात खाट टाकून तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला, लसूण निवडायला बसवा. ८२ वर्षांच्या बाईला नुसतं बसून राहायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की फर्माइशी वाढतात.

बाहेर जेवण्यावरून बाप-लेकाचा वाद आहे तो मला दोन्ही बाजूंनी बरोबर वाटतो. मिस्टरांचं खरं की ढाब्यावर भरीत मागवणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. आपल्या दारात बामणोद असताना गॅसवर भाजलेलं, आधीच करून ठेवलेलं भरीत पैसे देऊन का खायचं? मुलाचंही खरं की आईचा गॅस कधीतरी बंद राहिला पाहिजे. तेव्हा महिन्यात चार वेळा बाहेर जायचं ठरवून टाका, आणि नियम एकच: त्या दिवशी घरात काही शिजणार नाही. सासूबाईंसाठी मऊ भात, मिस्टरांसाठी दोन पोळ्या, असं करून निघालात तर तुम्हाला सुट्टी मिळालीच नाही, फक्त भांडी वाढली. सासूबाई बरोबर येतील, नाही आल्या तर दूध-भाकरी कुस्करून घेतील. आदल्या दिवशीची भाकरी असतेच.

हायवेवरच्या ढाब्यावर रात्री जाऊ नका. डिसेंबरातली थंडी, ट्रकांची वर्दळ, लहान मुलं. दुपारी जा, ऊन असतं, खाटा बाहेर असतात, भट्टीही नुकती तापलेली असते. शेवभाजी मागवताना शेव वेगळी आणायला सांगा, म्हणजे ती रश्शात फुगून बसत नाही आणि नातवांना नुसती खाता येते. तर्रीही वेगळ्या वाटीत मागा. चांगला ढाबेवाला कुरकुर करत नाही. नऊ माणसांना तीन भाज्या पुरतात, प्रत्येकाने एक मागवली की निम्मं तिथेच राहतं आणि मिस्टरांचं तोंड उघडतं. चारपैकी एक वेळ नातवांच्या मनाची: पाणीपुरी, पिझ्झा, जे म्हणतील ते. तिथे बसून आपल्या शेवभाजीचं कौतुक सांगत बसू नका. आणि एक वेळ फक्त तुम्ही दोघं. मुलांना घरी ठेवून रात्री बाजारात कढईतलं गरम दूध प्यायला गेलात तरी ते बाहेर जाणंच.

बिलाचं आधी मिटवा. मला वाटतं ढाब्यावर मिस्टरांचं खरं दुखणं चवीचं नाही, मुलगा पाकीट काढतो त्याचं आहे. पेन्शनवर आलेल्या माणसाला ते खुपतं. दोनदा मुलाने द्यायचं, दोनदा मिस्टरांनी, आणि कधी कुणी ते घरून निघताना ठरलेलं असावं. गल्ल्यासमोर झटापट नको.

फिरण्याचं फार लांबवत नाही. सुरतेची मंडळी असताना एक सकाळ जळगावच्या जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थात घालवा. २०१२ साली सुरू झालेलं हे संग्रहालय शाळेतल्या मुलांनाही आवडतं. अजिंठा जवळ आहे म्हणून सगळे निघतात आणि सोमवारी जाऊन बंद दारावरून परत येतात. लेणी सोमवारी बंद असतात. सासूबाईंना तिथल्या पायऱ्या चढायला लावू नका. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. तापीकाठचा तो घोड्यांचा बाजार नातवांनी पाहिलाच पाहिजे. त्यासाठी वेगळी खेप नको. सुरतेच्या रेल्वेलाइनीवर दोंडाईचा लागतं, तिथून सारंगखेडा जवळ. जावयांना म्हणावं, येताना सकाळी दोंडाईच्याला उतरा, यात्रा बघा आणि संध्याकाळच्या गाडीने भुसावळला या. त्या दिवशी दुपारचे चार जण तुमच्या पंगतीतून कमी.

जानेवारी लागला की ओला हरभरा, मेहरूणची बोरं, दादरचा हुरडा. यातलं काहीही तुम्हाला रांधायचं नाही, फक्त आणायचं आहे. भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी तुम्ही कराल ती करा, वर्षातून एकदाच असते. तिळाचे लाडू मात्र पुन्हा विकतच आणा. चांगल्या दुकानातले, अर्धा किलो जास्त, आणि पहिला डबा दिरांकडे पाठवा. दिलेल्या डब्यावर कुणी टोमणा मारत नाही.

मुलीला काय द्यायचं ते विचारलंत. काळ्या मसाल्याचा डबा, लाल मिरची असेल तर तीही. वाटणाचे गोळे प्रवासात नेऊ देऊ नका, डब्यातून तेल सुटून बॅगेतल्या कपड्यांना लागतं. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उन्हाळ्यातले उरले असतील तर कागदात बांधून, वर काही जड न ठेवता. वांगी हवीच असतील तर निघायच्या दिवशी सकाळी आणलेली, कोरडी पुसून, पिशवीत मोकळी. कळण्याचं पीठ देऊ नका, तिला ते पंधरा दिवस पुरवायचं असतं आणि तोवर थापायच्या लायकीचं राहत नाही. ज्वारी आणि उडीद मापाने मिसळून धान्यच द्या, मीठ ती तिथे घालेल आणि लागेल तसं दळून घेईल.